तीन लेबलांचं शेवाळ

"मॅडम, ह्या शीटवरचं नाव चुकीचंय," ती म्हणाली आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांचं, कपाट पावसाळ्याआधी उघडायचं, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, बुरशी धरलेली शीटं बाजूला काढायची, हे काम आमच्याकडे एम.एस्सी.च्या मुलांच्या गळ्यात पडतं आणि बहुतेक मुलं ते कानात गाणी घालून उरकतात. ही मात्र एकेक लेबल वाचत बसलेली. तिच्या हातातलं शीट मी विद्यार्थिनी असताना केलेलं होतं. कागद पिवळा पडलाय, शेवाळ अजून जांभळं आहे, कोपऱ्यात माझं तेव्हाचं गोलगोल अक्षर, पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस. त्याखाली नंतर कधीतरी कोणीतरी टाइप करून चिकटवलेली पट्टी, पायरोपिया व्हिएतनामेन्सिस. आणि तिच्या फोनवर अल्गीबेस ही शेवाळांच्या नावांची वेबसाइट उघडलेली, तिथं तिसरंच, फायकोकॅलिडिया व्हिएतनामेन्सिस. मी म्हटलं, लाव तिसरं लेबल, पण आधीची दोन काढू नकोस. तिने लावलं, तारीख टाकली, कपाट बंद. पण मला दिवसभर काहीतरी टोचत राहिलं, आणि ते नावाबद्दल नव्हतंच, नावं बदलतात, त्यात काय. टोचत होतं ते हे की तिने लेबल पाहिलं, फोन पाहिला, परत लेबल पाहिलं, आणि मधे चिकटवलेल्या त्या शेवाळाकडे एकदाही पाहिलं नाही.

बरं, पाहिलं असतं तरी तिला काय दिसलं असतं?

हे शेवाळ मी आणलं होतं देवगडकडच्या एका खडपावरून, जुलैत. जुलैत किनाऱ्यावर जायचं म्हणजे घरच्यांशी भांडण ठरलेलं. होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या, मासेमारी बंद, पाणी गढूळ आणि वारा असा की छत्री उघडायचं मनातसुद्धा आणू नये. बाकीची लाल शेवाळं हवी असतील तर अमावस्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी बघून पार खालपर्यंत उतरावं लागतं. ह्याच्यासाठी तसं नाही, हे वरच्या टप्प्यात राहतं, जिथं लाट येऊन फुटते आणि उरलेला वेळ नुसतं ऊन, वारा आणि पावसाचं गोडं पाणी. त्यामुळे सापडायला सोपं आणि तरी पटकन न दिसणारं. पाऊस तासभर उघडला की ते वाळून दगडाला चिकटतं, कोणीतरी काळी प्लास्टिकची पिशवी जाळून खडपावर टाकली असावी असंच वाटतं. मग एक लाट येते, आणि तेच कातळावरून सुटं होऊन पसरतं, पातळ, तपकिरी-जांभळं, कडेला चुण्या, बोटावर घेतलं तर पलीकडची नखं दिसतील इतकं पारदर्शक. ह्या कुळातली शेवाळं अंगातलं ८५ ते ९५ टक्के पाणी गेलं तरी मरत नाहीत, पाणी मिळालं की परत कामाला लागतात. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण ओल्या दगडावर उकिडवं बसून डोळ्यांसमोर होताना बघणं वेगळं.

तिथं कुर्ल्या शोधायला आलेली एक काकी होती, डोक्यावर इरलं, हातात लोखंडी आकडी. माझ्याकडे बघून आधी हसली. "बघून चल गो बाय, ह्येच्यार पाय घसारता." मी विचारलं, काकी, हे कायम असतं का इथं? "खंयचा कायम! पावसाबरोबर येता नि चवथ झाली की जाता." आणि नंतर कुठं जातं? "ता देवाक ठावक," म्हणाली आणि पुढच्या भेगेत आकडी घातली. माझ्या फील्डबुकात त्या दिवसाच्या पानावर हे वाक्य जसंच्या तसं लिहिलेलं आहे, हवामान आणि ओहोटीची वेळ ह्यांच्या खाली. शास्त्रीय भाषेत सांगायचं तर जून ते सप्टेंबर. चवथ जास्त बरोबर वाटते, कारण चतुर्थीसुद्धा दर वर्षी मागंपुढं होते आणि पाऊसही.

शेवाळाचं शीट करणं हे झाडाच्या फांदीसारखं नुसतं दाबून ठेवायचं काम नाही. ट्रेमध्ये समुद्राचं पाणी घ्यायचं, त्यात शेवाळ तरंगू द्यायचं, खालून जाड कागद सरकवायचा आणि बारीक ब्रशने एकेक चुणी उलगडत कागद तिरका उचलायचा, की पाणी निथळतं आणि शेवाळ कागदावर उतरतं. वर मलमलचा तुकडा, मग टिपकागद, मग वजन. गोंद लागत नाही, ह्याच्या अंगातच चिकट द्रव्य असतं, वाळताना ते स्वतःच कागदाला धरतं. घाई झाली आणि समुद्राचं पाणी संपलं म्हणून कोणी मेलेला तुकडा नळाच्या पाण्यात ठेवला, तर काही वेळाने पाणी गुलाबी व्हायला लागतं. तो रंग म्हणजे फायकोएरिथ्रिन, लाल शेवाळांना लाल करणारं प्रथिन, पेशी फुटल्या की बाहेर येतं. बाटली उन्हात धरली तर आरपार गुलाबी आणि बाजूने बघितलं तर नारिंगी चमक. मी ती बाटली हॉस्टेलच्या खिडकीत ठेवली होती, कशासाठी म्हणून काही नाही, बघायला. नंतर तिला असा वास सुटला की रूममेटने बाटली आणि मला दोघींनाही बाहेर काढलं.

मग सेक्शन. गाजराच्या तुकड्याला चीर पाडायची, त्यात शेवाळाची घडी धरायची आणि नव्या रेझर ब्लेडने गाजरासकट काप काढत जायचं, वॉच ग्लासमध्ये टाकत जायचं, त्यातला सगळ्यात पातळ स्लाइडवर घ्यायचा. ग्रॅसिलेरिया नावाच्या दुसऱ्या एका लाल शेवाळाचा असा काप घेतला की मायक्रोस्कोपखाली मस्त भरलेलं दिसतं, मध्ये मोठमोठ्या पेशी, बाहेर जाताना लहान होत गेलेल्या, पेशी-पेशींमधल्या भोकांना बसलेली बुचं म्हणजे पिट प्लग, फळं धरलेली असतील तर त्यांचे फुगवटे. परीक्षेत आकृती काढायला भरपूर मिळतं. आपल्या ह्या पोर्फायराचा काप घेतला की पेशींची एक ओळ. बस. वर जेलीचा थर, खाली जेलीचा थर, मध्ये एकावर एक नसलेल्या, शेजारी शेजारी उभ्या पेशी, एकच रांग. म्हणजे हातभर पसरलेलं पातं असलं तरी त्याची जाडी एका पेशीची. आणि प्रत्येक पेशीत एक हरितलवक, ताऱ्यासारख्या टोकांचा, त्याच्या मधोमध पायरेनॉइड नावाचा प्रथिनाचा ठिपका. ना साल, ना गाभा, ना शिरा. पात्याच्या ह्या पेशींना पिट प्लगसुद्धा नसतात.

पण मी तेव्हा हट्टाने बघत राहिले. तळाकडे सरकलं की पेशींचा आकार बदलायला लागतो, त्यांना खाली शेपट्या फुटतात, त्या शेपट्या जेलीतूनच वाट काढत खाली जातात आणि सगळ्या मिळून दगड धरणारी चकती होते. जुलैच्या लाटांत टिकायचं ते एवढ्यावर. कडेला गेलं की, ही ह्या स्पीशीजची, म्हणजे जातीची, खूण, एक-दोन पेशींचे बारीक दात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. आणि कडेच्याच पट्ट्यात नर-मादी भाग, नर फिकट पिवळसर, मादी गडद लालसर. तिथल्या पेशी आडव्या-उभ्या-खोल अशा तीन दिशांनी चिरत जातात आणि त्यांची पाकिटं होतात. ती मोजायची. वरून किती दिसतात ते मोजायचं, मग काप घेऊन किती थर आहेत ते मोजायचं, आणि गुणाकार करायचा, चार गुणिले चार गुणिले आठ म्हणजे १२८, असा हिशोब वहीत मांडायचा. पोर्फायराच्या स्पीशीज वेगळ्या करायला लोकांनी वर्षानुवर्षं हेच केलं, कारण दुसरं धरायला काही नव्हतंच. पेशींचा थर एक की दोन, हरितलवक एक की दोन, कडेला दात आहेत की नाहीत, नर-मादी एकाच पात्यावर की वेगळ्या, आणि ही पाकिटं. इतक्या कमी गोष्टींवर एवढी नावं उभी होती. शिवाय दात सबऑर्बिक्युलाटा नावाच्या दुसऱ्या स्पीशीजलाही असतात, मग तिथं परत मोजामोजी.

नावांचा प्रवास तसा थोडक्यात सांगता येतो. पोर्फायरा हा जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द, कार्ल आगार्डने १८२४ मध्ये केला. आपलं हे शेवाळ व्हिएतनामच्या किनाऱ्यावरून तानाका आणि फाम होआंग हो ह्यांनी १९६२ मध्ये नवी स्पीशीज म्हणून मांडलं, नंतर ते भारताच्या किनाऱ्यांवरही नोंदलं गेलं. २०११ मध्ये बऱ्याच देशांच्या अभ्यासकांनी मिळून दोन जीन्सच्या क्रमावरून ह्या सगळ्या गणाची फेरमांडणी केली, आणि पात्यांसारखी दिसणारी जी सगळी पोर्फायरा होती त्यांचे आठ जीनस झाले. त्यात आपलं गेलं पायरोपियात. २०२० मध्ये पायरोपियाही फोडलं, उष्ण पाण्यातल्या स्पीशीज वेगळ्या काढून त्यांना कॅलिडिया म्हटलं, ते नाव नियमात बसलं नाही म्हणून त्याच वर्षी ते फायकोकॅलिडिया झालं. आपलं हे उष्ण पाण्यातलं, त्यामुळे तिकडं. सुशीला गुंडाळतात ती नोरीसुद्धा ह्यातून सुटली नाही, पोर्फायरा येझोएन्सिसची आधी पायरोपिया आणि मग निओपायरोपिया झाली, जपानमधल्या शेतकऱ्यांनी मात्र तिला नोरीच म्हणणं चालू ठेवलं असणार.

मला ह्याचा राग येतो का? थोडा येतो, खोटं कशाला बोलू. डीएनएवरून जे गट पडले त्यांना मायक्रोस्कोपखाली बघून वेगळं करता येत नाही, आणि आधी ज्याच्यावर भिस्त होती, एक थर की दोन थर वगैरे, ते नात्यागोत्याच्या हिशोबात फारसं कामाचं नाही असं निघालं. म्हणजे ते गाजर, ते ब्लेड, ते चार गुणिले चार गुणिले आठ. पण दुसऱ्या बाजूने हेही खरं की एका पेशीच्या जाडीच्या जिवात फरक दाखवायला जागाच किती. कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या खडकांत बँगिओमॉर्फा म्हणून जीवाश्म सापडलाय, सुमारे १०५ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो ह्यांच्या धाग्यासारख्या चुलतभावांशी, म्हणजे आजच्या बँगियाशी, इतका जुळतो की पेशी कशा चिरल्या गेल्यात तेसुद्धा दगडात ओळखता येतं. इतक्या काळात अंगाचा साचा फारसा बदलला नाही, आतली अक्षरं बदलत गेली. मग बाहेरून बघणाऱ्याला चकवा बसला तर त्यात बघणाऱ्याचा काय दोष.

आणि काकीचा प्रश्न तर अजून राहिलाच आहे, चवथीनंतर जातं कुठं.

ह्याचं उत्तर मिळालं इंग्लंडमध्ये, आणि त्याची कथा मी दर वर्षी वर्गात सांगते, सिलॅबसला दोन ओळी आहेत तरी तास घालवते. १८९२ मध्ये बॅटर्स नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने शिंपल्यांच्या आत राहणारं एक गुलाबी, धाग्यांचं शेवाळ नोंदवलं आणि त्याला कॉन्कोसेलिस रोझिया असं नाव दिलं. वेगळा जीव, वेगळं नाव, वेगळं शीट. पुढची पन्नासेक वर्षं ते तसंच वेगळं राहिलं. मँचेस्टरमधली कॅथलीन ड्रू पोर्फायरा अंबिलिकॅलिसचे बीजाणू घेऊन वाढवायचा प्रयत्न करत होती, तिने त्यांना शिंपले दिले तर ते शिंपल्यात घुसले आणि आत वाढून जे झालं ते हुबेहूब कॉन्कोसेलिस. १९४९ मध्ये तिने हे 'नेचर'मध्ये छापलं. म्हणजे पातं आणि शिंपल्यातला धागा ही एकाच शेवाळाची दोन रूपं, पातं एकपट क्रोमोसोमचं, धागा दुप्पट क्रोमोसोमचा. आणि गंमत म्हणजे पात्यात नसलेले पिट प्लग ह्या धाग्यात असतात! एकाच जिवाची अ‍ॅनाटॉमी दोन घरांत वाटलेली, एका घरात राहून दुसऱ्याचा पत्ता लागणार नाही अशी. थंड देशांत दिवस लहान झाले, पाणी गार झालं की शिंपल्यातून बीजाणू सुटतात आणि खडपावर नवी पाती येतात. आपल्याकडे जून लागला की ऊन जातं, पाणी गार होतं, आणि पाती येतात.

ह्या बाईंना लग्न केलं म्हणून विद्यापीठातली लेक्चररची नोकरी सोडावी लागली होती, विवाहित बायकांना ठेवायचं नाही असा तिथला नियम. नंतरचं बरंचसं काम त्यांनी पगाराशिवाय केलं. इकडे जपानमध्ये युद्धानंतर नोरीचं पीक बसलेलं, कारण बी कुठून येतं हेच ठाऊक नव्हतं, लोक काठ्या रोवायचे, जाळ्या लावायचे आणि वाट बघायचे, पीक आलं तर आलं. ड्रूचा शोध तिथल्या शास्त्रज्ञांनी उचलला आणि काही वर्षांत शिंपल्यांच्या टाक्यांत बी तयार व्हायला लागलं. कुमामोतोतल्या उतो गावात १९६३ मध्ये नोरीवाल्यांनी तिचं स्मारक उभारलं, दर वर्षी १४ एप्रिलला तिथं तिची आठवण काढतात. ती त्याआधीच, १९५७ मध्ये गेली होती, आणि जपानला आयुष्यात कधी गेली नव्हती. वर्गात मुली हे ऐकताना गप्प होतात, मुलं नोरी कशी लागते ते विचारतात.

कशी लागते, तर पुण्याला भाचीने एकदा मॉलमधून पाकीट आणलं होतं, भाजलेली, हिरवीगार, मीठ-तेल लावलेली. लाल शेवाळ हिरवं कसं असं तिने विचारलं. भाजताना उष्णतेने ते गुलाबी प्रथिन मोडतं, खालचं हरितद्रव्य उरतं, म्हणून हिरवं. ती म्हणाली, मावशी तू प्रत्येक खाण्याचं असंच करतेस. चव म्हणाल तर सुकटीच्या डब्याचं झाकण उघडल्यावर येतो तो वास, पण सभ्य केलेला. मला आवडली. देवगडच्या खडपावरचं मी ओलंच चावून बघितलेलं आहे, ते करकरीत लागतं, वाळूसकट.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट वेगळीच आहे आणि ती येझोएन्सिसवर जपानमध्ये झालेल्या कामातून कळली. शिंपल्यातून सुटलेला बीजाणू खडपावर रुजतो, तेव्हा क्रोमोसोमची वाटणी तिथं, उगवताना होते. म्हणजे पहिल्या चार पेशी होतात त्या चारी आतून वेगळ्या, एकाच आईबापांची चार भावंडं म्हणावीत तशा, आणि त्या सुट्या होत नाहीत, तिथंच एकमेकींना धरून वाढतात आणि त्यांचं एक पातं होतं. रंगातले म्युटंट वापरले तर पात्यावर पट्टे स्पष्ट दिसतात, हा हिचा, तो तिचा. मी शीटवर एक नमुना, एक नंबर, एक नाव असं लिहिलं होतं. त्या कागदावर कदाचित चौघी आहेत. हे वाचलं त्या रात्री मी नवऱ्याला सांगायला गेले, तो क्रिकेट बघत होता, म्हणाला मग रेशनकार्डावर किती नावं लावायची?

आपल्या किनाऱ्याच्या शेवाळांच्या पुस्तकांत शेवटी बहुतेक एक तक्ता असतो, कुठली स्पीशीज कुठल्या महिन्यात मिळते. ह्याच्यासमोर पावसाच्या महिन्यांत खुणा आणि पुढं सगळं कोरं. मला ते कोरे रकाने सहन होत नाहीत. ऑक्टोबर ते मे हे कुठंतरी असतंच की, कालवांच्या जुन्या कवचांत, बार्नकलांच्या पांढऱ्या चुन्यात, खडपावरून चालताना आपण ज्याच्यावर चप्पल ठेवतो त्याच्या आत. बघायची पद्धतही अवघड नाही. गुलाबी डाग पडलेलं जुनं कवच घ्यायचं, पातळ अ‍ॅसिडमध्ये ठेवायचं, चुना बुडबुडे सोडत विरघळतो आणि मागं उरतो तो धाग्यांचा गुंता. मी केलेलं आहे. हिरवे धागे निघतात, निळसर निघतात, कारण चुन्यात घुसून राहणारे दुसरेही बरेच आहेत, आणि मधेच कुठं गुलाबी निघतात. पण गुलाबी दिसले म्हणजे ते व्हिएतनामेन्सिसचेच असं म्हणता येत नाही. इथं कडेचे दात नाहीत, पाकिटं नाहीत, मोजायला काही नाही, सगळ्या नातेवाइकांचे धागे जवळजवळ सारखे. ब्लेड घेऊन मी कितीही हट्ट केला तरी इथं काही चालणार नाही, इथं त्या लोकांचाच रस्ता धरावा लागेल ज्यांच्यावर मी वर्गात कुरकुर करते, डीएनए काढा आणि जीन वाचा. एका नमुन्याचा खर्च काढला, किनाऱ्यावरच्या ठिकाणांनी आणि महिन्यांनी गुणला, आणि छोटा प्रपोजल लिहून वर पाठवला. परत आला तो एका प्रश्नासकट, की ह्या शेवाळाचा जिल्ह्याला आर्थिक उपयोग काय ते एका परिच्छेदात लिहावं. आता तो परिच्छेद लिहितेय. नोरीचं लिहीन, उतोचं लिहीन, आणि नाव कुठलं घालायचं ते मात्र ठरलंय, सगळ्यात नवीन तेच, कंसात जुनी दोन्ही.